आधी एंटर चालू द्या!

पहाटेपासून शेतकरी पट्टीसाठी, म्हणजे विकलेल्या मालाच्या हिशेबाच्या कागदासाठी, बाजारातल्या गाळ्यावर ताटकळतात आणि मी नव्या सॉफ्टवेअरच्या स्क्रीनवरचं फिरणारं चक्र बघत बसतो! आधीच्या फॉक्सप्रो या जुन्या संगणक प्रोग्रामचा पडदा काळा होता, 80 अक्षरं रुंद, 25 ओळींचा. पण नग, वजन, भाव, हमाली, तोलाई, सगळं एंटरवर एंटर मारत भरायचं, नजर कागदावरून हलायचीच नाही. पडदा क्षणभर मागे राहिला तरी दाबलेली बटणं वाया जात नसत. आता प्रत्येक रकान्यासाठी माउस. गावाचं नाव यादीत खाली खाली शोधा. सवयीने एंटर दाबलं की अर्धवट पट्टीच सबमिट! काल 40 ओळी भरल्या आणि 'सेशन संपलं, पुन्हा लॉगिन करा'. सगळं पुसलं गेलं. समोर तो माणूस परतीच्या गाडीसाठी घड्याळ बघतोय. रंगीत बटणं कोणी मागितली होती? आधी एंटरने पुढच्या रकान्यात जाऊ द्या हो!