काहून बाप्पा, अँटिसोशल म्हणता त्याला?

माझा भाचा वरातीत डीजेपुढे नाचला नाही, अँटिसोशल. पोळ्याला तोरणापाशी गप्पा हाणल्या नाहीत, अँटिसोशल. ग्रुपवर गुड मॉर्निंग टाकत नाही, तरी अँटिसोशलच! काहून बाप्पा? अर्थ माहीत आहे का त्याचा? दुसऱ्याला फसवणारं, मारझोड करणारं, लोकांचे हक्क तुडवणारं वागणं म्हणजे अँटिसोशल. १९८० च्या डीएसएम-३ मध्ये, म्हणजे अमेरिकेतल्या मानसोपचारतज्ज्ञांच्या मानसिक विकारांच्या यादीत, हा शब्द चक्क एका व्यक्तिमत्त्व विकाराच्या नावात आहे. माणसांत न रमणाऱ्यासाठी इंग्रजीत ‘एसोशल’ हा वेगळा शब्द आहे. आणि आपला ‘अबोल’ काय मेला?

सोयाबीन पाण्यात गेलं तेव्हा विम्याची ७२ तासांची मुदत संपायच्या आत माझ्या याच भाच्यानं अर्ध्या गावाच्या तक्रारी रात्रभर जागून मोबाइलवरून भरल्या. चकार शब्द न बोलता. अन् त्याला तुम्ही समाजकंटक म्हणता?