बिनमांसाचं पोर्तुगीज

साव पावलोत पोर्तुगीज शिकायला आलेली माणसं नाना कारणं सांगतात. कुणाला सांबा समजून घ्यायचा असतो, कुणाला फुटबॉलचं समालोचन, कुणी सरळ प्रेमातच पडलेलं असतं. मी शिकले ती भुकेपायी. कोंबडी खुणा करून मागता येते. कोंबडी नको, हे खुणांनी सांगून बघा.

क्लासात सुरुवातीलाच कामाचं वाक्य मिळालं: 'नांव कोमो कार्नि', मी मांस खात नाही. ते घोकून, नाकातला सूर नीट लावून, मी ऑफिसजवळच्या खानावळीत म्हटलं. वेटरचा चेहरा उजळला. "मग काळजीच नको, कोंबडी आहे ना!" कार्नि म्हणजे गाईबैलाचं, फार तर डुकराचं. कोंबडी त्याच्या हिशेबात भाजीच्या जरा अलीकडची. मी वाक्य लांबवलं, कोंबडीही नको. मासे आले. मासेही नको. सँडविचात हॅम आलं. हॅमला तर तिथे मांस म्हटलेलंच कुणाला पटत नाही. अशा दर नकारागणिक शब्दसंग्रह वाढत गेला. ज्या प्राण्यांची मराठीतही मला अवयववार ओळख नव्हती, त्यांचे सगळे तुकडे पोर्तुगीजमध्ये तोंडपाठ झाले. बाकीचा वर्ग हवामान आणि छंद या धड्यांवर असताना मी डुकराच्या कानापर्यंत पोचले होते.

हा कान फेइजोआदात असतो. काळ्या घेवड्याचं आणि डुकराच्या नाना भागांचं हे कालवण शहरात बुधवारी आणि शनिवारी होतं, सोमवारी 'विरादो' नावाचं ताट, गुरुवारी पास्ता, शुक्रवारी मासे. वारांची नावं मी यावरूनच पाठ केली. गुरुवार तेवढा बरा जायचा.

खरी परीक्षा रोजच्या उसळीची. गरम भात, शेजारी दाट फेइझाँव, लसणीचा वास. दिसायला अगदी घरचं.
"यात काय आहे?"
"फेइझाँव."
"आणि?"
"लसूण. तमालपत्र."
"आणि?"
"थोडंसंच बेकन. चवीपुरतं."
आपल्याकडे चवीपुरतं मीठ असतं. इथे कसाव्याच्या भाजलेल्या पिठात चवीपुरतं बेकन, परतलेल्या पालेभाजीत चवीपुरतं बेकन. वकिलांना उलटतपासणीचं जे शिक्षण वर्षानुवर्षं घ्यावं लागतं, ते मला दुपारच्या सुट्टीत मिळालं. वजनावर जेवण विकणारी 'किलो' हॉटेलं होती म्हणून जगले. तिथे आपलं ताट आपणच भरायचं, काट्यावर ठेवायचं, पैसे द्यायचे. शांतपणे. पण तिथे भाषा म्हणाल तर शून्य.

भाषेची गाडी पुढे सरकली ती खालच्या मजल्यावरच्या बाईंमुळे. मी मासेसुद्धा खात नाही म्हटल्यावर त्या "कोइतादा!" म्हणून कळवळल्या, म्हणजे बिचारी गं! मग हळूच विचारलं, "डॉक्टरांनी सांगितलंय, की नवस आहे?"

नवस! त्यांचा शब्द 'प्रोमेसा'. ब्राझीलमध्ये संताला नवस बोललेल्या माणसाशी कुणी हुज्जत घालत नाही. मी मान डोलावली. ते अगदीच खोटं नव्हतं, आमच्या घरी पिढ्यान्‌पिढ्या माळकरी. पुढच्या वेळी खानावळीत मी तत्त्व, आरोग्य वगैरे काही न सांगता 'प्रोमेसा' एवढंच म्हटलं. वेटर आत गेला, स्वयंपाकीणबाई हात पुसत बाहेर आल्या आणि माझ्यासाठी वेगळं पातेलं चढलं. व्याकरणाच्या कुठल्याच पुस्तकात हे नाही.

बाईंनी मात्र पिच्छा सोडला नाही. "कुठल्या संताला बोललीस?" मग विठ्ठल आला, वीट आली, वारी आली. भूतकाळाची सगळी रूपं मी त्या जिन्यावर शिकले.

2023 साली आषाढी 29 जूनला आली. नेमका साव पेद्रोचा, म्हणजे संत पीटरचा दिवस, जूनच्या जत्रांचा हंगाम. बाई मला चर्चच्या पटांगणात घेऊन गेल्या. उपास आहे, हे मी आधीच बजावलं होतं. पण समोर काय? भाजलेली रताळी. 'पे दि मोलेकी', म्हणजे शेंगदाण्याची चिक्की, दुसरं काही नाही. 'पासोका', म्हणजे दाण्याच्या कुटात साखर. तव्यावर तापियोका, ज्या कसाव्याचा आपण साबुदाणा करतो त्याच्याच पिठाचा. कसावा आणि भुईमूग मुळात याच खंडातले. आपली एकादशी माहेरी आल्यासारखी तिथे मांडून ठेवलेली. मी ताट भरलं.

बाईंनी ताटाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं.
"मिन्या फिल्या, माझे पोरी, हा तुझा उपास?"
"हो."
"सगळं चालतं यातलं?"
"सगळं."
त्या थोडा वेळ विचारात पडल्या. "आणि असा दिवस वर्षातून एकदाच?"
"नाही, महिन्यातून दोनदा."
त्यांनी चष्मा लावला, फोन काढला आणि म्हणाल्या, "तारखा सांग."