हीच ओरिजिनल

"ओरिजिनल फाइल आहे का हो?" असं विचारलं की समोरच्याचा चेहरा पडतो. "अहो, हीच ओरिजिनल!" हीच म्हणजे छापील कागदाचा फोटो, त्याचा स्क्रीनशॉट आणि तोही चार फोन हिंडून आलेला. लोगो भिंतभर बॅनरवर जायचाय, म्हणून व्हेक्टर हवा, म्हणजे ठिपक्यांऐवजी रेषा-वक्रांनी बनलेलं, कितीही मोठं केलं तरी न फाटणारं चित्र. "तुमच्याकडे ते सॉफ्टवेअर आहे ना? एक बटण तर दाबायचं."

बटण आहे, हेच तर दुखणं आहे. लोकांना ते माहीत झालंय.

इंकस्केप या चित्रं काढायच्या सॉफ्टवेअरमध्ये ते दाबलं की फोटोचा व्हेक्टर करायला आत पॉट्रेस कामाला लागतो. पीटर सेलिंगर यांचा २००१ सालचा हा प्रोग्रॅम मोठा गुणी, पण त्याला काळं आणि पांढरं एवढंच कळतं. मधल्या करड्याचं काय करायचं ते थ्रेशोल्डवर, म्हणजे किती उजळ रंगापर्यंत काळं धरायचं त्या मर्यादेवर ठरतं. थ्रेशोल्ड खाली आणला की बारीक रेषा गायब, वर नेला की अक्षरांची पोटं बुजतात. शिवाय जेपीजी चित्राचे ८ बाय ८ पिक्सेलचे चौकोन पाडून दाबते, त्यामुळे कडांना धूळ साचते. आपण तिच्याकडे काणाडोळा करतो. पॉट्रेस बिचारा सरळमार्गी, थ्रेशोल्डच्या तावडीत सापडलेल्या प्रत्येक कणाला तो इमानेइतबारे पाथ, म्हणजे स्वतंत्र बाह्यरेषा, बहाल करतो.

वर्तुळाला खरं तर चार नोड, म्हणजे रेषेला वळवणारे बिंदू, पुरतात. चार बेझिए वक्रांत (दोन नोडमधल्या वळणदार रेषांत) बसवलेलं वर्तुळ त्रिज्येच्या ०.०३ टक्क्यांइतकंही चुकत नाही. माझ्या वर्तुळाला नोडची माळ लागली होती आणि एका अंगाला पोक आलं होतं. एक नोड ओढावा तर शेजारचे तीन रुसतात. (एका हुशाराने जेपीजी तशीच पीडीएफमध्ये टाकून "घ्या, व्हेक्टर" म्हणून दिली होती. झूम केलं, तर पायऱ्याच पायऱ्या.)

शेवटी सगळं पुसलं, फोटो फिका करून खालच्या लेयरवर लॉक केला आणि त्यावरून हाताने रेषा गिरवायला पेन टूल घेऊन बसलो. फॉन्ट शोधण्यात संध्याकाळ गेली. पण वर्तुळ असं उतरलं की बघत राहावं.

पाठवलं. उत्तर आलं, "छान झालंय, पण अक्षरांभोवती ती हलकी सावली होती ना, ती दिसत नाही. तीच तर आमची ओळख."

सावली म्हणजे जेपीजीची धूळ. सध्या ती पेन टूलने रेखाटतोय, कण न् कण.