वसुली 99 टक्के, पण भलं कोणाचं?

‘गरीब बाई कर्ज बुडवत नाही’ असं सांगणारा मजकूर गुंतवणुकीच्या चर्चांत सतत फिरत असतो. त्यातला दावा थोडक्यात असा: मायक्रोफायनान्सची, म्हणजे गरीब बायकांना गटागटाने तारणाशिवाय दिल्या जाणाऱ्या छोट्या कर्जांची, वसुली 98-99 टक्के, लाखो महिला सदस्य, सदस्यांचं उत्पन्नही वाढलेलं, तेव्हा इथे पैसा लावला की परतावा मिळतो आणि समाजाचं भलं झाल्याचा पुरावाही हातात पडतो. बाई सहसा कर्ज बुडवत नाही, हे खरंच. पुराव्याचं तेवढं बघू.

आधी वसुली, कारण सगळा डोलारा तिच्यावर उभा आहे. धंदा चालला म्हणूनच हप्ता भरला जातो असं नसतं. पाचजणींच्या गटात एकीला चारशे रुपये कमी पडले, की उरलेल्या चौघी शंभर-शंभर काढतात. सगळ्यांचा हप्ता जमल्याशिवाय वसुलीला आलेला साहेब उठत नाही, आणि पुढचं कर्ज अडेल ही धास्ती असतेच. मग ते चारशे फेडायला कानातलं गहाण पडतं, नाहीतर दुसऱ्या फायनान्सचं कर्ज निघतं. याची टोपी त्याला! कंपनीच्या वहीत मात्र वसुली शंभर टक्के. कर्ज देणाऱ्याची तब्येत या आकड्यावरून नेमकी कळते. घेणारीची कळायची तर तिच्या घरात डोकवावं लागेल.

आंध्र प्रदेशात 2010 साली हेच झालं. ऑगस्टमध्ये एसकेएस मायक्रोफायनान्स शेअर बाजारात आली, तेव्हा या धंद्याचे वसुलीचे आकडे झकास होते. ऑक्टोबरमध्ये कर्जदारांच्या आत्महत्या आणि वसुलीच्या जाचाच्या तक्रारींवरून राज्य सरकारने या कंपन्यांवर बंधनं घालणारा वटहुकूम काढला आणि तिथली वसुली कोसळली. वटहुकमामुळेच कोसळली, हे कंपन्यांचं म्हणणं मान्य करू. पण घराघरात कर्जावर कर्ज चढत होतं, ते त्या झकास आकड्यांत कुठे दिसलं होतं?

‘लाखो महिला’ हा मुद्दा फार वेळ घेण्यासारखा नाही. एकच बाई तीन कंपन्यांची कर्जदार असेल तर तीन अहवालांत तीनदा मोजली जाते, आणि तिच्या नावावरचं कर्ज नवऱ्याच्या रिक्षाला गेलं तरी सक्षमीकरण तिचंच झालेलं असतं.

‘उत्पन्न वाढलं’ हा दावा जास्त फसवा आहे. कर्जाआधी इतकं, नंतर इतकं, ही तुलना दिसायला चोख दिसते. पण त्या काळात पाऊस बरा झाला असेल, मजुरी वाढली असेल, तर कर्ज न घेतलेल्या शेजारणीचंही उत्पन्न वाढलंच ना? अभिजित बॅनर्जी, एस्तेर डुफ्लो हे अर्थतज्ज्ञ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हैदराबादेत 104 वस्त्या घेतल्या. चिठ्ठ्या टाकाव्यात तशी निवड करून निम्म्या वस्त्यांत स्पंदना या मायक्रोफायनान्स संस्थेच्या शाखा आधी उघडल्या, आणि मग दोन्हीकडच्या घरांची तुलना केली. 2015 साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांत माणशी मासिक खर्च वाढलेला नव्हता. मुलांचं शिक्षण, आरोग्य, घरातल्या निर्णयांत बाईचा शब्द, यांतही ठळक फरक नव्हता. घरात टिकाऊ वस्तू मात्र आल्या आणि चहा-तंबाखूसारखा खर्च कमी झाला.

यावरून ‘हे सगळं थोतांड’ असा उलटा मजकूर कोणी फिरवेल, तर तोही चूकच. गाठीला चार पैसे नसलेल्या घराला एकरकमी वीस हजार मिळणं ही सोय मोठी आहे, फक्त तिला गरिबीमुक्ती म्हणू नये. ‘समाजावरचा परिणाम मोजताच येत नाही’ ही पळवाटही नको; हैदराबादेत मोजला गेलाच की.

रोज असा अभ्यास करणं कोणाला परवडणार नाही, हे उघड आहे. पण गुंतवणूकदाराला अहवालात साध्या गोष्टी मागता येतात. रिझर्व्ह बँकेच्या 2022च्या नियमांनुसार, वर्षाला तीन लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घराचे सगळ्या कर्जांचे मिळून हप्ते मासिक उत्पन्नाच्या निम्म्यावर जायला नकोत. तर मग त्या मर्यादेला टेकलेली घरं किती, आणि ते उत्पन्न लिहिलं कोणी, कर्ज विकायला आलेल्या माणसानेच का? आणि गट सोडून गेलेल्या बायका किती, का गेल्या? सर्वेक्षण उरलेल्यांचंच होतं, त्यामुळे ज्यांचं बिनसलं त्या सरासरीत येतच नाहीत.