देवाने सागवान मागितलं नव्हतं

जगातला सगळ्यात प्रसिद्ध सुतार कोण, या प्रश्नाला उत्तर एकच. आणि त्या सुताराच्या हातचा साधा पाटसुद्धा आज कुठे शिल्लक नाही. पाट राहू द्या, चारही शुभवर्तमानं (बायबलातली येशूच्या चरित्राची पुस्तकं) उलटीपालटी करून बघा, येशूने लाकडाची अमुक वस्तू केली असं एक वाक्य सापडत नाही. मार्काच्या शुभवर्तमानात त्याच्याच गावचे, नासरेथचे लोक "हा सुतारच ना?" म्हणून नाक मुरडतात, तेवढंच. म्हणजे धंद्याचा उल्लेख आला तोही टोमणा मारायला!

दुसऱ्या शतकातला ख्रिस्ती लेखक जस्टिन मार्टर सांगतो की येशू नांगर आणि जू करायचा. म्हणजे शेतकऱ्यांचा सुतार, शोकेसवाला नव्हे. बायबलात न घेतलेल्या बाललीलांमध्ये एक भारी गोष्ट आहे. योसेफाकडे एका श्रीमंताने पलंग करायला टाकला. कापल्यावर एक पट्टी आखूड भरली. योसेफ डोक्याला हात लावून बसला, तर बाळ येशूने पट्टी धरली आणि ओढून लांब केली. ही गोष्ट ज्याने रचली तो नक्की कुठल्या तरी सुताराच्या दुकानात बसून चहा (बरं, द्राक्षारस) पीत असणार. आखूड कापलेल्या लाकडाचं दुःख बाहेरच्या माणसाला कळत नाही.

आता जुन्या करारात या. निर्गम या पुस्तकात देव मोशेला कराराच्या कोशाचं, म्हणजे दहा आज्ञांच्या पाट्या ठेवायच्या पेटीचं, माप देतो: अडीच हात लांब, दीड हात रुंद, दीड हात उंच. लाकूड कोणतं? बाभळीचं! आपल्या मराठी बायबलात स्पष्ट छापलंय. सीनायच्या वाळवंटात बाभळीच्याच जातीची झाडं मिळायची, तेव्हा देवाने तीच मागितली. आणि आमच्याकडे कुणी देव्हारा करायला घेतला किंवा चर्चसाठी नवं व्यासपीठ ठरलं, की कमिटी आधी म्हणते, "सागवानच पाहिजे, तेही बर्मा." अहो, प्रत्यक्ष परमेश्वराने बाभळीवर भागवलं! आपल्या म्हाताऱ्यांनी त्याच बाभळीची औतं केली, गाडीची चाकं केली. तिचा दोष एवढाच की ती बांधावर फुकट उगवते.

कोश करणारा बसालेल, जोडीला अहलियाब. दोघांची नावं लिहून ठेवली आहेत, हे त्या काळी कारागिराच्या मानाने पुष्कळ झालं. पण मला बसालेलची दया येते. बिचाऱ्याने बाभळीसारख्या चिवट, गाठाळ लाकडात जोड किती सुबक बसवला असेल, आणि वरून हुकूम काय, तर आतून-बाहेरून शुद्ध सोन्याने मढव. संपलं. जोड कुणाला दिसणार? आजचा सुतार सनमायकाखाली पाप झाकतो, त्याने सोन्याखाली पुण्य झाकलं.

निवासमंडपाची, म्हणजे हा कोश ठेवायच्या फिरत्या मंदिराची, तर मला कमाल वाटते. 48 फळ्या, दहा हात उंच. प्रत्येक फळीला खाली दोन कुसे (खाचेत बसणारी टोकं), कुशाखाली चांदीची उथळी (बैठक), म्हणजे 96 उथळ्या. आडवे अडसर सरकवले की भिंत उभी. फळ्यांच्या सगळ्या वर्णनात खिळ्याचं नाव नाही. मुक्काम हलला की सोडा, चार गाड्या आणि आठ बैलांवर लादा, पुढच्या मुक्कामाला परत उभं करा. हे वर्षानुवर्षं! आमचं मॉड्युलर कपाट घर बदलताना फक्त एकदा सोडलं, तर परत उभं राहायला तयार नाही. स्क्रूची भोकंच बसली. मिस्त्री म्हणाला, "साहेब, हे हलवायचं नसतं." मग मॉड्युलर कशाला म्हणता रे बाबा?

शलमोन राजाचं यरुशलेममधलं मंदिर बांधताना तिथे हातोड्याचा आवाज झाला नाही, कारण दगड खाणीतच घडवून आणलेले होते. (हे वाक्य आमच्या सोसायटीच्या नोटीस बोर्डावर लावायला हवं.) गंधसरूचे (सीडरचे) ओंडके सोर शहराचा राजा हिराम समुद्रातून तराफे करून पाठवायचा. शेवटी शलमोनाने त्याला गालीलातली वीस गावं दिली, हिराम बघून आला आणि त्याला एकही पसंत पडलं नाही. लाकूडवाल्याचा हिशेब तेव्हाही सरळ मिटत नव्हता. ते मंदिर इ.स.पू. 586 च्या सुमारास बाबेलवाल्यांनी (बॅबिलोनच्या सैन्याने) जाळलं. कोशाचं पुढे काय झालं, कुणाला पत्ता नाही. बसालेलचं काम गेलं ते गेलंच.

मग उरलं काय? यरीहो या प्राचीन शहराच्या थडग्यांत पुरातत्त्वज्ञ कॅथलीन केनियन यांना 1950 च्या दशकात लाकडी मेजं मिळाली, येशूच्याही दीड हजार वर्षांहून आधीची. पाय तीनच! खडबडीत जमिनीवर तीन पायांचं मेज डुगडुगत नाही. आम्ही मात्र चार पाय करतो आणि एकाखाली पुठ्ठ्याची घडी सारतो.

आणि उरली एक नाव. 1986 साली दुष्काळाने गालीलच्या समुद्राचं (नाव समुद्र, पण आहे सरोवर) पाणी हटलं, तेव्हा काठावरच्या गिनोसारच्या दोन मच्छीमार भावांना चिखलात ती दिसली. साधारण सव्वाआठ मीटर लांब, येशूच्या काळाच्या आसपासची. लाकूड तपासलं तर किती प्रकारचं? बारा! फळ्या बहुतेक गंधसरूच्या, आतल्या वाकड्या फासळ्या ओकच्या, आणि मध्ये मध्ये जे हाताला लागलं ते: पाइन, विलो, बोरीच्या कुळातलं एक लाकूड. काही तुकडे आधीच्या नावेतून काढलेले. फळीच्या कडेला साल (खाच) कोरून त्यात कुसू बसवलेलं, वरून लाकडी खुंटी ठोकून पक्कं केलेलं. डागडुजी इतकी की मूळ नाव कुठली आणि ठिगळ कुठलं हेच कळू नये. अगदीच चालेना तेव्हा कामाचे भाग काढून घेतले आणि सांगाडा सोडून दिला.

कुठल्या चर्चमध्ये कोशाची सोन्याची प्रतिकृती ठेवली असेल तर मी बघेन, नमस्कार करेन आणि निघेन. या नावेसमोर मात्र अर्धा दिवस बसेन. चांगलं लाकूड परवडत नाही, गिऱ्हाईक पहाटे नाव मागतंय, अशा वेळी बोरीचा तुकडा गंधसरूला सांधून पाणी अडवणारा माणूस खरा सुतार. बायबलातला संदेष्टा यशया मूर्ती करणाऱ्यांची टिंगल करायला निघाला, पण सुतार दोरी कशी ताणतो, आखतो कसा, रंधा कसा मारतो, हे सगळं सांगून बसला. दुकानात उभं राहून बघितल्याशिवाय असं लिहिता येत नाही.

तर विनंती एवढीच. कुणाच्या वाड्यात आजोबांचा वाकस (लाकूड तासायचं हत्यार), पटाशी, कमानीचा सामता (भोक पाडायचं हत्यार) पडला असेल तर भंगारात घालण्याआधी खाली फोटो टाका. चालवणारं कुणी घरात असेल तर व्हिडिओच टाका. आणि प्लायवूडवाल्यांनी कमेंटमध्ये भांडायला यायचं असेल तर खुशाल या, फक्त येताना एक फळी भिजवून आणा.