‘बराका’वरून कट्ट्यावर झालेला राडा

काल नाशिकला गंगापूर रोडच्या कट्ट्यावर चक्क डॉक्युमेंट्रीवरून भांडण झालं. मीच सगळ्यांना ‘बराका’ बघायला लावली होती, १९९२ची, रॉन फ्रिकची, २४ देशांत ७० एमएमच्या रुंद फिल्मवर शूट केलेली आणि दीड तासात निवेदनाचा एक शब्द नाही.

पक्या बसल्या बसल्या सुरू झाला, “स्टोरी नाय काय नाय, मी तर मोबाईल काढला. निदान कोणता देश ते तरी खाली लिहायचं ना!” मी म्हटलं, लिहिलं की आपण ‘हां, जपान’ म्हणतो आणि बघायचं सोडून देतो.

मग नाना बोलले, ते सातपूरला कंपनीत आहेत. त्यांना तो कोंबडीच्या पिल्लांचा सीन सोडतच नव्हता. पिवळी पिल्लं कारखान्यातल्या सरकत्या पट्ट्यावरून येतायत, हात त्यांना उचलून निवडतायत, फेकतायत, चोची भाजतायत आणि मधेमधे स्टेशनात सरकत्या जिन्यावरची माणसं. “शिफ्ट सुटल्यावर आमचं गेट असंच दिसतं रे,” एवढंच म्हणाले.

पक्या लगेच, “नाना, तुम्हाला वाटलं नाय, वाटायला लावलं! पिल्लं, माणसं, परत पिल्लं, वर ते म्युझिक. शब्द नाय म्हणजे मत नाय असं थोडीच असतं?”

हे बरोबरच आहे, एडिटिंगची कात्री बोलतेच. पण मन्याचं ऐका, त्याच्या काकांची सिन्नरकडे पोल्ट्री आहे. तो म्हणे, “चोची आमच्याकडेही कापतात, एकमेकांना टोचून मारू नयेत म्हणून. कुणी निवेदनात पोल्ट्रीला शिव्या घातल्या असत्या तर मी तासभर भांडलो असतो. इथे भांडू कोणाशी? मग स्वतःलाच विचारत बसलो, लहानपणापासून बघतोय तरी आपल्याला कधी काही वाटलं कसं नाही.” मला या फिल्म्स आवडतात त्या नेमक्या यासाठी, सीन एकच पण नानांना त्यात गेट दिसलं आणि मन्याला स्वतःचं बालपण, दिग्दर्शकाला यातलं काय माहीत असणार!

आणि न बोलता नुसतं दाखवायचं हे काही परदेशी खूळ नाही, आपल्या त्र्यंबकला जन्मलेल्या दादासाहेब फाळक्यांनी १९१२ला वाटाण्याचं रोप कुंडीत वाढताना टिपून ‘अंकुराची वाढ’ केली आणि ती दाखवून ‘राजा हरिश्चंद्र’साठी पैसे उभे केले. लोकांनी नुसतं रोप वाढताना बघितलं आणि त्यांना पटलं.

तरी पक्या अडलाच. “ती काशीच्या घाटावरची चिता, ते प्रेत कोणाचा तरी बाप असेल ना? घरच्यांना विचारलं असेल का? नाव नाय, गाव नाय, आपण बघतोय.” यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं, अजूनही नाही. पण मोबाईल काढून बसलेल्याच्या डोक्यात ती चिता राहिली आणि इतका रास्त प्रश्न आमच्यात त्यालाच पडला, याचं मला फार बरं वाटलं.

रविवारी मन्याकडे त्याच फ्रिकची २०११ची ‘संसारा’ बघायचीय. मोबाईल बाहेर ठेवायचे आणि संपल्यावर दहा मिनिटं कोणी तोंड उघडायचं नाही, ही माझी अट. पक्या पाचवर अडून बसलाय.