‘रिपोर्ट आल्यावर या’

लैंगिक संबंधांतून पसरणाऱ्या क्लॅमिडिया या जिवाणूच्या संसर्गाची तपासणी अर्ध्या तासात होऊ लागली तर लोक बेफिकीर होतील, असे आज एका सुशिक्षित गृहस्थांनी मला मोठ्या आत्मविश्वासाने समजावले, आणि तेव्हापासून माझा संताप शमलेला नाही.

माझ्या एका मैत्रिणीने, कसलाही त्रास नसताना, केवळ सावधगिरी म्हणून ही तपासणी करून घेतली होती. ‘रिपोर्ट आल्यावर या’ असे सांगून तिला परत पाठवले. मग कामाची धावपळ, घरच्यांपासूनची लपवाछपवी आणि काउंटरवर कोणी आजाराचे नाव मोठ्याने उच्चारील ही धास्ती, यांत ते जाणे राहूनच गेले. पुढे मूल होईना म्हणून तपासण्या झाल्या तेव्हा तिच्या गर्भनलिका बंद असल्याचे कळले. क्लॅमिडिया उपचाराविना राहिला तर असे होऊ शकते. तो जुना रिपोर्ट पॉझिटिव्ह होता, आणि तो कोणी उघडूनही पाहिला नव्हता.

ती बेफिकीर होती का? या संसर्गात बहुतेक स्त्रियांना काहीच जाणवत नाही, त्यामुळे दुखणे तिला दवाखान्यात ओढून नेणार नव्हतेच. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०२० या एका वर्षात क्लॅमिडियाचे सुमारे १२.९ कोटी नवे संसर्ग झाले. उपचार म्हणजे बहुधा सात दिवस डॉक्सिसायक्लिन या प्रतिजैविकाच्या गोळ्या, बस्स!

पट्टीवरच्या जुन्या झटपट चाचण्यांतून बरेच संसर्ग निसटत, हे मान्य. परंतु आताची यंत्रे जिवाणूचा जनुकीय अंशच शोधतात. अर्ध्या तासात निकाल देणाऱ्या अशा यंत्रांना अमेरिकेच्या औषध नियामकाने २०२१ मध्ये, आणि स्त्रियांना घरी वापरता येईल अशा चाचणीला २०२५ मध्ये परवानगी दिली. ती महाग पडतात, हेही खरे.

काउंटरवरच्या कर्मचाऱ्यांना मी दोष देत नाही. रिपोर्टांच्या ढिगाऱ्यातून एकेकाला शोधून फोन करणे त्यांना कुठून जमणार? म्हणूनच तर निकाल रुग्ण समोर बसलेला असतानाच मिळायला हवा, म्हणजे गोळ्या तिथेच हातात देता येतील आणि जोडीदाराच्या उपचाराचेही त्याच वेळी बोलता येईल, कारण त्याचे उपचार राहून गेले तर संसर्ग पुन्हा होऊ शकतो. माझ्या मैत्रिणीच्या तेव्हाच्या जोडीदाराला तर आजवर कोणी काही कळवलेले नाही. त्याला संसर्ग होता की नाही, त्याच्याकडून पुढे कोणाला गेला की नाही, हे विचारणे कोणाचेच काम नव्हते.